ह्यांच्या मागं फियाटचं काय

हे गेल्यावर घरातले बरेचसे निर्णय आपोआप झाले. पेन्शनचं मुलीनं बघितलं, बँकेचं मुलानं, कपडे ज्यांना उपयोगी पडतील त्यांना देऊन टाकले, घड्याळ मी ठेवलं. राहिली ती गाडी. १९६८ ची फियाट अकराशे डिलाइट, फिकट निळी, कोल्हापुरात रुईकर कॉलनीतल्या आमच्या पोर्चमध्ये चाळीसेक वर्षं उभी. तिच्याविषयी प्रत्येकाचं एक मत होतं आणि ती सगळी मतं मला तेराव्याच्या आतच ऐकायला मिळाली. पुढचं जवळजवळ वर्ष हा विषय घरात चालूच होता, कधी फोनवर, कधी जेवताना, कधी रडारड होऊन. आता निकाल लागलाय आणि मला त्याचं समाधान आहे म्हणून सविस्तर लिहितेय, कारण अशी बरीच घरं माझ्या माहितीत आहेत जिथं जुनी गाडी आहे, मालक पंचाहत्तरीला आलाय, आणि त्याच्यानंतर गाडीचं काय हे तोंडातून काढायची कोणाची हिंमत होत नाही.

नव्या मुलांना फियाट म्हटलं की फक्त मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवते, म्हणून थोडं सांगते. वालचंद हिराचंद, आपले सोलापूरचे, त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या बनायला लागल्या. आधीची ती गोलमटोल डुक्कर फियाट, मग सुपर सिलेक्ट, मग १९६४ मध्ये डिलाइट आली. ह्याच गाडीला पुढं आधी प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टेअरिंगला, पुढची सीट सलग बाकासारखी, त्यामुळे पुढं तिघं बसायचे, मधे लहान पोर. नवीन गाडीला तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. आमची सेकंडहँड, १९८१ ला सांगलीच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. हे वीज मंडळात होते, लग्नाला तीन वर्षं झालेली, सोसायटीचं कर्ज काढून घेतली आणि सासूबाई पंधरा दिवस बोलल्या नाहीत. त्याच गाडीतून नंतर त्या नरसोबाच्या वाडीला दर पौर्णिमेला जायच्या, तेव्हा मात्र पुढच्या सीटवरच बसायच्या आणि खिडकीशीच.

मी गाडी चालवायला शिकले ती ह्याच गाडीवर. आंबोली घाटात रेडिएटर उकळायचा म्हणून पाण्याचा कॅन कायम डिकीत. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून घरी ह्याच गाडीतून आलो, मुलगा पहिल्यांदा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला ते सामान ह्यातूनच, सासऱ्यांना शेवटचं गावाला नेलं तेही ह्यातूनच. म्हणजे ही गाडी घरातल्या कोणा एकाची नाही, प्रत्येकाचा तिच्यावर काही ना काही हक्क आहे, आणि अडचण नेमकी तिथंच सुरू होते.

ह्यांनी गाडीची एक वही ठेवली होती. एक म्हणजे एकामागून एक अशा बऱ्याच, पण आम्ही "वही"च म्हणायचो. ऑइल कधी बदललं, पॉइंट कधी घासले, प्लग कुठले घातले, किती किलोमीटरला, सगळं तारखेनिशी. कुठला पार्ट कुठं मिळाला तेही. पुण्याला नाना पेठेत कुठल्या दुकानात, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी जायचं की रविवारी, कुर्ल्याला कोणाला विचारायचं, आणि कुठंच नाही मिळालं तर आपल्या उद्यमनगरात कुठल्या लेथवाल्याकडून करून घ्यायचं. कोल्हापूरला हे एक मोठं सुख आहे, तुटलेला तुकडा नेऊन दाखवला की उद्यमनगरात बसून तसाच्या तसा करून देणारी माणसं आहेत. तर वहीत सगळं होतं, ही गाडी पुढं कोणाला द्यायची एवढं सोडून.

विषय निघाला नव्हता असं नाही. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी कायमच्या बंद झाल्या ती बातमी आम्ही दोघांनी टीव्हीवर बघितली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदवलेली होती, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, ती भरली म्हणून गाडी चांगली असो नसो रस्त्यावरून गेली. हे बराच वेळ त्याच चॅनेलवर बसून होते. मग म्हणाले, आपल्या खाजगी गाडीला तसं नाही, पास होईल तोवर चालवता येते. मी म्हटलं, गाडीचं ठीक आहे, चालवणाऱ्याचं काय? तर "बघू की" म्हणाले आणि उठून पोर्चमध्ये गेले. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये हे गेले.

आता मतं. पहिलं धाकट्या भावोजींचं. त्यांचं म्हणणं, वहिनी, ही घराण्याची गाडी, बाहेर जायला नको, आजऱ्याला गावातल्या घरी शेड आहे तिथं ठेवू, दसऱ्याला पूजा करू. त्यांच्या मनात खोट अजिबात नव्हती, भावाची गाडी गावच्या घरात असावी एवढंच. पण आजऱ्याचा पाऊस ज्याला माहिती आहे त्यानं सांगावं तिथं पत्र्याच्या शेडात उभ्या गाडीचं काय होतं ते. हे मला ह्यांनीच शिकवलं होतं की जुनी गाडी चालवून जेवढी झिजते त्याच्यापेक्षा जास्त उभी राहून खराब होते. टाकीतलं पेट्रोल जुनं होऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकट थर बसतो, ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम होतात, टायर एका जागी चपटतात, बॅटरी तर महिन्याभरात बसते, फ्लोअरचा पत्रा खालून ओल धरतो आणि उंदीर वायरिंग खातात. वर कव्हर घातलं की बाहेरून गाडी छान झाकलेली दिसते आणि आत हे सगळं चालू असतं. दोन-तीन पावसाळ्यांनी कोणीतरी कव्हर काढणार आणि म्हणणार, आता हिच्यात काही राहिलं नाही, देऊन टाका. मी अशा गाड्या बघितल्या आहेत, चांगल्या घरातल्या, अंगणात पिंपळ उगवलेल्या. भावोजींना हे समजावताना मला फार त्रास झाला कारण ते रडवेले झाले होते, पण नाही म्हटलं ते म्हटलंच.

शेजारच्या काकांनी सरळ स्क्रॅपचं सुचवलं. आता सरकारमान्य स्क्रॅप सेंटर आहेत, तिथं गाडी दिली की सर्टिफिकेट मिळतं आणि नवीन गाडी घेताना टॅक्समध्ये सूट. ज्या गाडीत खरंच काही उरलेलं नाही तिच्यासाठी हा रस्ता बरोबर आहे, कुठंतरी ओढ्याकाठी सडत ठेवण्यापेक्षा तरी बरा. आमची एका चावीत सुरू होते. तिला तिथं न्यायचा प्रश्नच नव्हता.

मग हायवेवरचे एक हॉटेलवाले आले. चौथरा बांधून हॉटेलच्या दारात ठेवायची होती, लाइटिंग करून, म्हणजे लोक फोटो काढतील. पैसे चांगले देत होते, माझ्या अंदाजापेक्षा बरेच जास्त. मी सहज विचारलं इंजिनचं काय करणार, तर म्हणाले ते काढून टाकू, वजन कमी होतं. बोलायला माणूस सभ्य होता, चहा घेऊन गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. ह्यांनी ते इंजिन दोनदा पूर्ण उतरवून पुन्हा बसवलं होतं, पोर्चमध्ये पोत्यावर एकेक पार्ट मांडून, आणि ते काढून आत कुंड्या ठेवणार? पैशाची गरज असती तर कदाचित विचार करावा लागला असता, ज्यांना गरज आहे त्यांनी अशी गाडी विकली तर त्यांना नावं ठेवायचा मला काहीच अधिकार नाही. पण आम्हाला गरज नव्हती.

पुण्याचा एक डीलर दोनदा फोन करून मग स्वतः आला. त्याचा पहिला प्रश्न "कागद क्लिअर आहेत का" हा होता, बोनेट नंतर उघडलं. ते त्याच्या जागी बरोबरच आहे, जुन्या गाडीत पत्रा करून घेता येतो, इंजिन करून घेता येतं, पण आरसी आणि चेसिस नंबर जुळत नसला तर गाडी कोणालाच कायदेशीर विकता येत नाही. तो हिला नवीन रंग देऊन, अलॉय व्हील घालून, पुढं डिस्क ब्रेक बसवून मुंबईत विकणार होता. लग्नासाठी भाड्याने गाड्या देणारेही एकजण येऊन गेले. दोघांनाही नंबर ठेवा म्हटलं.

मुलीची कल्पना म्युझियमची होती. ती बंगळुरूला असते. तिचं म्हणणं, म्युझियममध्ये दिली की भांडणच नको, बाबांच्या नावाची पाटी लागेल. आम्ही अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलालांचं ऑटो वर्ल्ड बघितलेलं आहे, हे तिथून निघायलाच तयार नव्हते, जेवण विसरले. काय एकेक गाड्या, संस्थानिकांच्या रोल्स रॉइस, शिकारीच्या गाड्या. प्राणलालभाई २०११ मध्ये गेले पण त्यांनी हयातीतच म्युझियम उभं केलं होतं म्हणून तो संग्रह आज एका जागी बघायला मिळतो, हे मला फार मोठं वाटतं. पण फियाट डिलाइट कुर्ल्यातून हजारोंनी निघालेली गाडी, मध्यमवर्गाची, म्युझियमवाले तिच्यासाठी जागा का काढतील? आणि काढली तरी दोरीच्या पलीकडं उभी राहणार. मुलीला मी म्हटलं, आपल्या दसरा चौकातली मेबॅक आठव. राजाराम महाराजांच्या काळातली गाडी, महाराज १९४० मध्ये गेले, पण आजही दसऱ्याला छत्रपतींचं घराणं त्या गाडीतून सोनं लुटायला येतं आणि अख्खं कोल्हापूर गाडी बघायला उभं राहतं. तिला वर्षातून एकदा का होईना काम आहे, म्हणून तिचं इंजिन कोणीतरी सांभाळतं. काम असलं की गाडी नीट राहते. मुलीला पटलं.

आणि मुलगा. हे सगळ्यात अवघड होतं. त्याचं एकच, "आई, बाबांची गाडी बाहेर द्यायची नाही." पण नेणार कुठं? पुण्यात वाकडला त्याचा फ्लॅट, एका फ्लॅटला एक पार्किंग, तिथं त्याची रोजची गाडी. त्याला स्टेअरिंग गिअरची सवय नाही, पॉवर ब्रेक नसलेली गाडी चालवायची भीती वाटते, आणि ऑफिस, मुलांच्या शाळा, ईएमआय ह्यात त्याला वेळ कुठला. इथंच राहू दे म्हणाला, मी आलो की फिरवीन. तो येतो दिवाळीत आणि मे महिन्यात. मी त्याला म्हटलं, बाळा, तुला गाडी नकोय, तुला बाबा हवे आहेत, आणि ते मला परत आणता येणार नाहीत. त्यानं फोन ठेवला आणि आठवडाभर बोलला नाही. आईनं मुलाला असं बोलावं का, मला माहिती नाही, पण कोणीतरी बोलायला हवं होतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी ती रविवारी रंकाळ्यापर्यंत चालवत होतेच. पण माझं वय सहासष्ट, गुडघे दुखतात, क्लच जड आहे. मी ठेवली असती तर प्रश्न दहा वर्षं पुढं ढकलला असता आणि तोच प्रश्न मुलांच्या अंगावर पडला असता, तेव्हा तर गाडीतलं कळणारं माणूसही राहिलं नसतं.

ह्या सगळ्या गडबडीत एक जण काहीच बोलत नव्हती. माझ्या नणंदेची मुलगी, ह्यांची भाची. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरीला आहे, मेकॅनिकल इंजिनिअर, घर कसबा बावड्यात. कॉलेजात असल्यापासून दर रविवारी मामाकडं यायची, म्हणजे मामीच्या हातचं जेवायला असं म्हणायची आणि थेट बोनेटखाली शिरायची. ह्यांनी तिला टॅपेट सेट करायला शिकवलं, कार्बोरेटर उघडून साफ करायला शिकवलं, आवाजावरून टायमिंग कसं ओळखायचं ते शिकवलं. वहीच्या शेवटच्या काही वर्षांत बरंच अक्षर तिचंच आहे, हे मला नंतर पानं चाळताना दिसलं. वॉटर पंप गळायला लागला तेव्हा बुश उद्यमनगरात करून आणला तो तिनंच. हे गेल्यावर ती पुढच्या रविवारी आली, मला मिठी मारून रडली, मग म्हणाली, मामी चावी दे, बॅटरी बसेल. गाडी काढून पंचगंगेपर्यंत जाऊन आली, वहीत तारीख आणि किलोमीटर लिहिले आणि गेली. असं दर रविवारी. गाडी मला द्या असं तिनं एकदाही म्हटलं नाही, तिच्या आईनंही नाही.

मला ते दिसायला थोडा वेळ लागला, पण दिसल्यावर दुसरं काही सुचेना.

गाडी भाचीला द्यायची असं मी घरात सांगितलं तेव्हा काय काय ऐकलं ते लिहायला नको वाटतं पण लिहिते. मुलीच्या हातात गाडी? उद्या तिचं लग्न झालं की गाडी परक्या घरी जाणार, मग काय उपयोग? तिला मुलं झाली की ती कुठली गाडी बघणार? हे बोलणारी माणसं वाईट नाहीत, आमचीच आहेत, पण मला खरंच संताप आला. गाडी वापरती ठेवणारं माणूस समोर उभं आहे, तिच्या हाताला ग्रीस आहे, आणि आपण तिच्या न ठरलेल्या सासरचा विचार करतोय. माझं लग्न झाल्यावर मी ह्या घरात आले तेव्हा कुठं ही गाडी ह्या घराण्याची होती, ती तर सांगलीच्या डॉक्टरांची होती. त्यांनी ह्यांना विकली म्हणून तर आज आहे. गाडी एका घरातून दुसऱ्या घरात गेली की तिचं वाईट होतं असं कुठं आहे? आणि भाची म्हणजे काय परकी का, मामाच्या घरी तिचा हक्क आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मानलेला आहे.

मुलगा मे महिन्यात आला तेव्हा मी दोघांना गाडी घेऊन जोतिबाला पाठवलं, मुद्दाम. वाटेत तिनं त्याला चालवायला दिली. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, चढावर दुसऱ्यावरच ठेव, ब्रेक आधीपासून दाबायला सुरुवात कर, असं सगळं ती शेजारी बसून सांगत होती आणि हे सगळे शब्द बाबांचे आहेत हे त्याच्या लक्षात आलं. घरी आल्यावर म्हणाला, आई, तिलाच दे. एवढंच. मग बराच वेळ गाडीतच बसून होता, मी जेवायला हाक मारली नाही.

आता कागदांचं, कारण ह्यात लोक अडकतात. ह्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, त्यामुळे हिंदू वारसा कायद्यानं ह्यांचे पहिले वारस म्हणजे मी, मुलगा आणि मुलगी, तिघांचा सारखा हिस्सा, सासूबाई असत्या तर त्याही. भावोजींचा किंवा भाचीचा कायद्यानं काही संबंध येत नाही. म्हणजे गाडी थेट भाचीच्या नावावर होत नाही, आधी वारसाच्या नावावर आणि मग तिथून पुढं. नियम असा आहे की मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, तीन महिन्यांपर्यंत गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचा अर्ज द्यायचा. मृत्यूचा दाखला, आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी आणि बाकीच्या वारसांची संमती अ‍ॅफिडेविटवर. इन्शुरन्सचंही लक्षात ठेवा, मेलेल्या माणसाच्या नावावरची पॉलिसी तीन महिन्यांपर्यंतच चालते, किंवा त्याआधी तिची मुदत संपत असेल तर तोपर्यंत, म्हणून तीही लगेच बदलून घ्यायची. अशा दिवसांत हे कोणाला सुचतं? आम्हालाही भाचीनंच आठवण केली. आधी माझ्या नावावर झाली, मग फॉर्म २९ आणि ३० भरून तिच्या. मुलीनं सांगितलं म्हणून आम्ही तिघांनी एका कागदावर लिहूनही ठेवलं की गाडी तिला आनंदानं दिली आहे, पैसे घेतलेले नाहीत, नंतर कोणी काही म्हणायचं नाही. मुलगी ह्या बाबतीत शहाणी आहे.

ह्याच दरम्यान गाडीचं पासिंग आलं. जुन्या खाजगी गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार झाली होती आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी दहा हजार झाली, पर्यावरण कर वेगळा. भाचीनं तो खर्च स्वतः केला, मला देऊ दिला नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे, तीही आम्ही बघितली. दहा वर्षांचं सर्टिफिकेट मिळतं, जुना नंबर ठेवता येतो, पण मग गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची, रोजच्या वापराला नाही. संग्रह करणाऱ्यांना ते सोयीचं असेल. भाचीला ती रविवारी बाजाराला न्यायची असते, आईला दवाखान्यात न्यायची असते, म्हणून साधंच पासिंग ठेवलं आणि गाडी पास झाली. तीन अक्षरी जुन्या सिरीजचा नंबर आहे तसाच राहिला.

अटी घालाव्यात का ह्यावर मी खूप विचार केला. "कधीच विकायची नाही" असं लिहून घ्यावं असं भावोजींना वाटत होतं आणि मलाही आधी बरोबर वाटलं होतं. पण अशी अट म्हणजे त्या पोरीच्या डोक्यावर आयुष्यभराचं ओझं. उद्या तिची बदली झाली, परदेशी गेली, पैशाची खरी अडचण आली तर तिनं काय करायचं? अट पाळायची म्हणून गाडी कव्हर घालून उभी करून ठेवायची? मग आजऱ्याचं शेड काय वाईट होतं. म्हणून लेखी काहीच नाही. तोंडी एवढंच म्हटलं की ओरिजिनल इंजिन गाडीतच राहू दे, काढलेले जुने पार्ट फेकू नको, डब्यात ठेव, आणि कधी द्यायची वेळ आली तर जो चालवणार आहे त्याला दे. विकत घेणारा जास्त पैसे देतोय का कमी हे मग बघ. ती हो म्हणाली.

गाडी नावावर आल्याआल्या भाचीनं केलेलं पहिलं काम मला आवडलं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि १९६८ च्या गाडीतले रबराचे पार्ट त्यासाठी केलेले नाहीत. पेट्रोलचे पाइप फुगतात, पंपाचा डायफ्राम जातो, टाकीत पाणी धरून गंज चढतो. तिनं सगळे पाइप इथेनॉल चालणारे घातले, डायफ्राम बदलला, टाकी काढून आतून साफ करून घेतली, आणि गाडी उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवायचं नाही असं वहीत लाल पेनानं लिहिलं. हे ह्यांना करायचं होतं, बोलत होते, राहून गेलं. मला वाटतं पुढं चालवणाऱ्याला गाडीच्या आठवणींपेक्षा ह्या गोष्टी कळायला लागतात, आणि त्या मृत्युपत्रात लिहून येत नाहीत, शेजारी बसवून शिकवाव्या लागतात. ह्यांनी कोणाला गाडी द्यायची ते सांगितलं नाही असं मी वर म्हटलं खरं, पण रविवारी रविवारी ते तेच करत होते असं आता वाटतं.

ज्यांच्याकडं अशी गाडी आहे त्यांना मी हात जोडून सांगेन, तुम्ही असतानाच हा विषय काढा. बायकोला, मुलांना अवघड वाटतो, त्यांना विचारता येत नाही, तुम्ही काढला तर निघतो. आता आरसीवर नॉमिनीचं नाव घालायची सोय आहे, ती करून ठेवा, आणि मृत्युपत्र असेल तर त्यात गाडीचा नंबर घालून एक ओळ लिहा. मुलालाच द्यायची असं काही नाही, ज्याला बोनेट उघडल्यावर आनंद होतो त्याला द्या, तो शेजारचा मुलगा असला तरी. आणि जमलं तर हयातीतच द्या, म्हणजे अडलं की विचारायला तुम्ही आहात.

खंडेनवमीला गाडी आमच्या दारात आली होती. झेंडूची माळ भावोजींनी घातली, आजऱ्याहून मुद्दाम आले होते, आणि परत जाताना त्यांना स्टँडवर सोडायला भाची गाडी घेऊन गेली. ते पुढच्या सीटवर बसले.

आता एक काम आहे. डावीकडची टेल लॅम्पची काच तडकली आहे, पार्किंगमध्ये मागून कोणीतरी ठोकली. डिलाइटची ओरिजिनल काच हवी आहे, पद्मिनीची नाही, ती बसत नाही म्हणतेय भाची. कुर्ल्याला आणि जुन्या बाजारात विचारून झालं. निपाणी, बेळगाव, सांगली, कुठंही कोणाच्या माळ्यावर, जुन्या गॅरेजच्या पेटीत पडलेली असेल तर कळवा, ती स्वतः येऊन घेऊन जाईल, फियाट घेऊनच येईल.